दिवाळीच्या झाडलोटीत भेटणारे कोळी

पाऊस ओसरतो, डहाणूजवळच्या आशागडात दिवाळीची झाडलोट सुरू होते आणि कोळी घरात शिरल्याची तक्रारही. युरोपात शरद ऋतूत घरभर फिरताना दिसतात ते बहुतेक नर. मादीच्या शोधात जाळं सोडून निघालेले, थंडीला भिऊन आलेले नव्हेत. डहाणूकडे तर थंडीचा प्रश्नच नाही. आपले कोळी बाराही महिने घरातच असतात, कपाट सरकवलं की दिसतात इतकंच.

भिंतीवरचा तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी म्हणजे हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. जाळं विणून भक्ष्याची वाट पाहत बसणं त्याच्या स्वभावात नाही. रात्री झडप घालून तो झुरळं पकडतो. मादी पोटाखाली नाण्यासारखी चपटी पिशवी धरून हिंडते, आत शेकडो अंडी. केळ्यांच्या घडांत लपून, जहाजांतून ही जात उष्ण देशांत सगळीकडे पोचली. चावला तर दुखतं, पण जिवाला धोका नाही.

छताच्या कोपऱ्यात उलटा लटकतो तो काटकुळ्या पायांचा फोल्सिड. केरसुणी लागताच इतका थरथरतो, की नुसता धूसर ठिपका दिसावा. याची मादी अंडी चक्क तोंडात धरते. त्याची जळमटं खुशाल काढा. मोठ्याला मात्र मी तरी हात लावणार नाही. झुरळांच्या औषधाचा खर्च वाचतो.