खारीची जमीन रिकामी नसते



भाताची कापणी-मळणी उरकली की पेण, अलिबाग, उरणकडची खारी जमीन उघडी पडते. माघ-फाल्गुनात तर मातीला भेगा जातात, वर मिठाची पांढरी खपली धरते, आणि नजर पोचेल तिथवर हिरवे पान दिसत नाही. शहरातली गाडी बांधावर येऊन थांबते ती नेमकी याच दिवसांत. उतरणारे पाहुणे खाडीवरचा वारा घेतात आणि म्हणतात, "एवढी जागा रिकामी पडली आहे?" वर्ष-दोन वर्षांत तिथे पाटी लागते: 'खाडीकिनारी मंजूर बंगला प्लॉट'.

अशाच एका पाटीपाशी एक म्हातारेबाबा मला भेटले होते. डोक्यावरचे फडके सोडून त्यांनी तोंड पुसले आणि विचारले, "साहेब, ही जर रिकामी, तर माझा बाप अन् आजा जन्मभर इथं काय करत होते?"

मी शेतकी खात्यातला माणूस. बियाणे, खते, कीड यांवर विचाराल ते सांगेन. परंतु बाबांच्या प्रश्नाचे उत्तर बियाण्याच्या पिशवीवर छापलेले नसते. आज ते उत्तर तुमच्यापुढे मांडतो, कारण उद्या अशी पाटी तुमच्या शेजारच्या शेतात लागू शकते.

ही जमीन कोणी केली?

डोंगरउताराची जमीन निसर्गाने दिली. खारीची जमीन माणसाने केली. जिथे दिवसातून दोनदा भरतीचे पाणी येत होते, तिथे आपल्या पूर्वजांनी चिखलाचा बाहेरकाठा घातला, त्यात उघाडी बसवली, आणि पुढची कामे पावसावर सोपवली. उघाडीची युक्ती साधी आहे. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते आणि खारे पाणी बाहेरच राहते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि पावसाचे पाणी खाडीत जाते. जाताना ते मातीतले मीठ धुऊन नेते. जमिनीची क्षारता चार डेसीसायमनच्या वर गेली की शास्त्र तिला खारी म्हणते. अशा जमिनीत मृगाच्या आणि आर्द्राच्या सरींनी मीठ खाली उतरले की मगच भाताचे रोप जीव धरते. म्हणून तर आपले जुने राते भात इथे टिकले, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण दिले. शेताच्या कडेच्या तळ्यातला जिताडा हीसुद्धा याच जमिनीची कमाई.

ही जमीन मातीइतकीच माणसांच्या हिमतीनेही टिकली आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तो १९३९ पर्यंत चालला. पंचवीस गावांच्या कुळांनी शेते पडीक ठेवली, पण खोताची अट मानली नाही. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि कसणाऱ्याचे नाव मालक म्हणून लागले. तुमच्या सातबाऱ्यावरच्या एका ओळीमागे एवढा इतिहास उभा आहे.

भराव पडला की पाणी कुठे जाते?

आता मुद्द्याकडे येऊ. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले, तर उघाडी काही तास मिटलेलीच राहते. त्या वेळात पडलेले पाणी जाते कुठे? ते आपल्या शेतांत थांबते. ओहोटी लागेपर्यंत सगळी खार मिळून एक मोठे तळे होते. भाताला हे सोसते, म्हणूनच तिथे भात आहे.

साधा हिशेब करा. एका एकरात दहा सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर ते सुमारे चार लाख लिटर होते. कोकणात एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस काही नवलाचा नाही, आणि त्याचे एकरी पाणी एवढेच असते. दहा एकरांवर मुरूम-मातीचा पुरुषभर भराव घातला, तर चाळीस लाख लिटर पाण्याची जागा गेली. पाणी मात्र गेले नाही. ते शेजारच्या शेतात उभे राहणार. त्यात प्लॉटला जाणारा रस्ता मोऱ्या न ठेवता आडवा घातला, तर उघाडीकडे जाणारी वाटच बंद. मग रोपे कुजतात, बांधावर आतून दाब येतो आणि खांड पडते. खांडीतून खारे पाणी आत शिरले की ते मीठ धुऊन निघायला एक पावसाळा पुरत नाही.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यातच भरती आली. नदी आणि खाडीच्या काठची पाणी थांबण्याची जागा भरावाखाली गेलेली होती. तिथे काय अनर्थ झाला, हे आपण सर्वांनी पाहिले. तिथे माणसे आणि घरे बुडाली, तीच गोष्ट खारीत घडली तर शेते बुडतील, एवढाच फरक.

मंजुरी म्हणजे नेमके काय?

'मंजूर प्लॉट' हे शब्द वाचून पुष्कळ लोक समजतात की सरकारने सगळे तपासले आहे. तसे गृहीत धरू नका. प्रथम विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत त्या जमिनीचा विभाग ठरतो: शेतीचा की रहिवासाचा. मग जमीन बिनशेती होते आणि प्लॉट पाडण्याचा नकाशा, म्हणजे लेआउट, मंजूर होतो. मंजुरी कोण देणार हे हद्दीवर अवलंबून असते. कुठे नगरपालिका, कुठे विशेष नियोजन प्राधिकरण, तर इतरत्र जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालय. २०२४ साली उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या नवनगरासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली. तेव्हा आपले गाव कोणाच्या अखत्यारीत आहे, हे आधी विचारून घ्या.

यातली मेख अशी की एकेका लेआउटला मंजुरी देताना शेजारच्या शेतकऱ्याला सहसा कोणी विचारत नाही. विचारतात ते आराखड्याच्या किंवा विभागबदलाच्या वेळी. मसुदा प्रसिद्ध होतो, वर्तमानपत्रात नोटीस येते, आणि हरकतींना ठरावीक मुदत असते, बहुधा तीस दिवसांची. नेमके तेव्हा आपण लावणीत किंवा लग्नसराईत असतो. पाटी लागल्यावर धावणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

किनाऱ्याच्या जमिनीला आणखी एक नियम आहे, ज्याला सर्व जण सीआरझेड म्हणतात. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी २०११ ची आणि आताची २०१९ ची. खाडीकाठी भरतीच्या रेषेपासून पन्नास मीटर, अथवा खाडीची रुंदी त्याहून कमी असेल तर तेवढे अंतर, नव्या बांधकामाला मोकळे ठेवायचे असते. २०११ च्या नियमात हे अंतर शंभर मीटरपर्यंत होते.

मात्र याच नियमात एक कलम असे आहे की १९९१ च्या त्या तारखेपूर्वी बांध किंवा उघाडी बांधलेली असेल, तर भरतीची रेषा त्या बांधापाशीच थांबते. याचा अर्थ लक्षात घ्या. बांधाच्या आतली जमीन प्लॉटला 'मोकळी' ठरते ती तुमच्या आज्याने घातलेल्या बांधामुळे. आणि तोच बांध तुम्ही दुर्लक्षित ठेवला, खांडीतून खारे पाणी येऊन आत कांदळवन उगवले, तर ती जागा संरक्षित ठरते. मग तिथे नांगर चालवणे अवघड. म्हणून बांध हीच तुमची खरी सनद समजा. सरकारी योजनेतला बांध असेल तर खारभूमी खात्याकडे दुरुस्तीची लेखी मागणी करा. खाजगी बंदिस्ती असेल तर पूर्वीसारखे घरटी माणूस काढून पावसाळ्यापूर्वी माती टाका.

जे विकणार नाहीत त्यांनी

ग्रामसभा वर्षातून ठरावीक वेळा भरते. तिथे खारीतले ओहोळ, उघाड्या आणि वहिवाटीचे रस्ते यांची यादी करून ठराव नोंदवून घ्या. ठरावाने मंजुरी थांबेलच असे नाही, पण पुढे कागद लागतो तेव्हा हाच उपयोगी पडतो. शेजारी लेआउट मंजूर झाल्याचे कळले तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली नकाशाची आणि आदेशाची प्रत मागा. नकाशात नैसर्गिक ओहोळ दाखवला आहे का, मोऱ्या किती, आदेशातल्या अटी कोणत्या, हे गावातल्या शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्या.

आणि एक कायदा प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. त्याच्या पाचव्या कलमाखाली शेतातल्या पाण्याच्या नैसर्गिक वाहण्याला कोणी बेकायदा अडथळा केला, तर तहसीलदार तो काढायला लावू शकतात. वहिवाटीचा रस्ता अडवला तरीही हेच. परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. 'पुढच्या पावसाळ्यात बघू' म्हणालात की मुदत संपली. भराव पडायला लागला त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून ठेवा.

जे विकणार आहेत त्यांनी

विकू नका, असे मी कोणाला म्हणणार नाही. खारीतले एकपीक भात, मजुरी, मुलांची शिक्षणे, घरातले आजारपण हे मलाही दिसते. जमीन तुमची, निर्णयही तुमचाच. फक्त चार गोष्टी सही करण्यापूर्वी पाहा.

पहिली गोष्ट, सातबारा आणि जुने फेरफार स्वतः वाचा. भोगवटादार वर्ग दोन किंवा नवीन शर्त असे असेल तर आधी तहसील कचेरीत चौकशी करा. दुसरी, घरातल्या बाईमाणसांना सांगितल्याशिवाय इसार घेऊ नका. वडिलार्जित जमिनीत मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले आहे. बहिणीला राखीपौर्णिमेला बोलवायचे आणि हक्कसोडपत्रावर गुपचूप सही घ्यायची, याने घरे फुटतात. तिसरी, सगळी जमीन विकू नका. महाराष्ट्रात शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा दाखला मागतात. शेवटचा गुंठा विकून बसलेल्याला उद्या घाटावर दोन एकर घ्यायचे म्हटले तरी अडचण येते. चौथी गोष्ट शेजाऱ्याची. ओहोळ आणि वहिवाट मोकळी राहील, अशी अट खरेदीखतातच लिहून घ्या. तुमचे पैसे तुम्हाला मिळाले, पण पाणी शेजाऱ्याच्या शेतात उभे राहिले, तर गावात कोणत्या तोंडाने राहाल?

नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातूनच आली. तेव्हा जमीन सक्तीने घेतली जात होती, म्हणून गाव एक झाले. आज ती एकेका सहीने जाते. प्रत्येकाला वाटते, आपला तुकडा तो केवढा! पण खारीत एकट्याचे असे काही नसते. बांध सगळ्यांचा, उघाडी सगळ्यांची, आणि खांड पडली तर नुकसानही सगळ्यांचे.

त्या बाबांना मी त्या दिवशी एवढेच म्हणालो, "बाबा, तुमच्या बापाने आणि आज्याने इथे समुद्र अडवला." ते काही बोलले नाहीत. बांधावरच्या खेकड्याने पाडलेल्या भोकात त्यांनी मातीचे ढेकूळ टाकले, पायाने दाबले, आणि घराकडे निघाले.

येत्या वैशाखात, पाऊस पडण्यापूर्वी, तुम्हीही एक फेरी बांधावरून मारा. घरातल्या पोरांना सोबत न्या. उघाडी कुठे आहे आणि पाणी कुठून कुठे जाते, ते त्यांना दाखवा. उद्या सही करायची की नाही हे त्यांनाच ठरवायचे आहे. निदान ते पाहून ठरवतील.