प्रिंटर समोर, पण दिसेना!

मार्चअखेरच्या साकुरासाठी आईबाबांना तोक्योला बोलवायचं, हे दिवाळीतच ठरलं होतं. त्यांच्या व्हिसासाठी इथून कागद पाठवावे लागतात: बोलावण्याचं कारण सांगणारं 'शोहेइ रियूशो', मुक्कामाचं वेळापत्रक आणि हमीपत्र म्हणजे 'मिमोतो होशोशो'. बायकोने सगळं तिच्या मॅकवर जपानीत भरलं. छापायला गेली, तर मॅक म्हणतो प्रिंटरच नाही! मुलाने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकलंय, त्यालाही दिसेना. छपाई होत होती ती फक्त माझ्या विंडोजवर. पण तिची वर्डची फाइल माझ्याकडे उघडली की मॅकचा जपानी फॉन्ट नसल्यामुळे ओळी घसरून दुसऱ्या पानावर. पीडीएफ करून मागवायचं सुचलं, पण तोवर मी "एकदा बंद करून बघू" म्हणून प्रिंटर बंद-चालू केला होता. मग विंडोजही मुकं झालं.

खाली कोनबिनीत मशीन आहे, पण माझ्या उत्पन्नाचे दाखले आणि बाबांचा पासपोर्ट दुकानातल्या मशीनवर टाकायला जीव होईना. तिकडे सांगलीहून रोज फोन, "कागद निघाले का रे?"

दोन रविवार मी ड्रायव्हर काढत-टाकत बसलो. दोष तिथे नव्हताच. जपानात बऱ्याच घरांत फायबरसोबत आलेला एक डबा असतो आणि पुढे आपण आणलेला वायफाय राउटर. दोघंही राउटरचंच काम करतात, म्हणजे एकाच वाड्यात दोन चौक. आमचा प्रिंटर वायरने पहिल्या डब्याला, लॅपटॉप सगळे दुसऱ्याच्या वायफायवर. प्रिंटरचा नंबर १९२.१६८.१ ने सुरू होणारा, लॅपटॉपचे १९२.१६८.११ ने. मॅक आणि उबुंटू हाक मारून प्रिंटर शोधतात, आणि ती हाक राउटरच्या भिंतीपलीकडे जात नाही. विंडोजवर मी पूर्वी थेट नंबर टाकला होता, म्हणून ते चालायचं. बंद-चालू केल्यावर प्रिंटरला नवा नंबर मिळाला आणि तेही संपलं. (हे शोधलं मुलाने. मी फक्त चहा केला.)

वायफाय राउटरच्या मागचं बारीक बटण 'राउटर'वरून 'ब्रिज'वर सरकवलं. सगळे एका चौकात आले आणि मॅकला प्रिंटर लगेच दिसला. मग पहिल्या डब्यात प्रिंटरचा नंबर कायमचा राखून ठेवला. विंडोजवर जुना ड्रायव्हर काढून 'आयपीपी'ने जोडला. नेटवर्कवरून छापायची ही सामाईक भाषा आजचे बहुतेक प्रिंटर बोलतात. मॅक आणि उबुंटू तर चुलत भावंडंच: १९९९ साली आलेली 'कप्स' ही छपाई व्यवस्था लिनक्सवर रुळली, आणि अ‍ॅपलने २००२ मध्ये तीच मॅकमध्ये घेतली.

तुमच्याकडेही असं झालं, तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी प्रिंटरचा आणि लॅपटॉपचा नंबर शेजारी ठेवून बघा. पहिले तीन आकडे वेगळे असतील, तर बहुतेक दुखणं हेच. आणि फाइल नेहमी पीडीएफ करूनच छापा. मराठी शाळेच्या कागदांवरची जोडाक्षरंसुद्धा त्यामुळे शाबूत राहतात.

पाकीट पोचलं तेव्हा बाबांचा फोन आला. "मिळाले रे कागद. छपाई स्वच्छ आहे. आता यात काय लिहिलंय, तेवढं सांग."