ट्रॅक्टरचा स्टार्टर : बिघाडाची परीक्षा व बदलण्याची योग्य रीत

खरिपाच्या पेरणीत वेळेला फार महत्त्व आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून सोयाबीन, कापूस यांसारख्या पिकांची पेरणी करू नये, अशी शिफारस आहे. एवढा पाऊस झाल्यावर काळ्या जमिनीला वाफसा येईपर्यंत थांबावे लागते आणि वाफसा आला की पुढील सर येण्यापूर्वी काम उरकावे लागते. नेमक्या अशा वेळी, उन्हाळी नांगरट आटोपल्यावर छपराखाली उभा करून ठेवलेला ट्रॅक्टर किल्ली फिरवूनही सुरू होत नाही, अशी अडचण पुष्कळ शेतकऱ्यांवर येते.

अशा वेळी ‘सेल्फ गेला’ असा निष्कर्ष उतावळेपणाने काढला जातो. तालुक्याच्या गावाहून नवा स्टार्टर आणला जातो, तो बसविण्यात दिवस मोडतो आणि तरीही इंजिन फिरत नाही. कारण दोष स्टार्टरमध्ये नसून बॅटरीच्या गंजलेल्या टर्मिनलमध्ये असतो. यात पैसा जातो आणि वाफशाचा दिवसही जातो. म्हणून स्टार्टर खोलण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे याची क्रमवार परीक्षा करावी. ही परीक्षा अवघड नाही. व्होल्ट मोजण्याचे एक साधे मीटर, दोन-तीन पाने आणि अर्धा तास एवढ्यावर ती होऊ शकते.

स्टार्टरचे कार्य

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली गेली म्हणजे ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. यासाठी इंजिन आरंभी पुरेशा वेगाने फिरवावे लागते. पूर्वी हे काम हाताने हँडल मारून करीत असत. हँडल उलट फिरून माणसाचा हात मोडण्याचे प्रसंग त्या काळी घडत. विजेच्या साह्याने मोटार सुरू करण्याची व्यवहार्य योजना अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केली व १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत ती बसविण्यात आली. आजच्या ट्रॅक्टरमधील स्टार्टरचे मूळ तत्त्व तेच आहे.

किल्ली फिरविली की एका बारीक तारेतून सोलेनॉइडला वीज मिळते. सोलेनॉइड म्हणजे स्टार्टरच्या पाठीवर बसविलेला लहान नळकांड्यासारखा भाग. तो एकाच वेळी दोन कामे करतो. काट्याच्या साह्याने तो पुढचे दातेरी चाक, म्हणजे कारागीर ज्याला ‘बेंडिक्स’ म्हणतात ते, फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये ढकलतो. आणि आतील तांब्याचे जाड संपर्क जुळवून बॅटरीची पूर्ण वीज मोटारीस देतो. कार्बन व कम्युटेटर यांच्या मार्गाने ती वीज आर्मेचरमध्ये जाते आणि मोटार फिरते. या क्षणी बॅटरीतून शेकडो अँपिअर वीज वाहते. एवढ्या मोठ्या प्रवाहास वाटेत थोडासा गंज किंवा एखादा सैल जोडही मोठा अडथळा ठरतो. दिवा लागण्यास पुरणारी वीज स्टार्टर फिरविण्यास पुरेलच असे नाही, हे नेहमी ध्यानात ठेवावे.

परीक्षेपूर्वीची दक्षता

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, पी.टी.ओ. बंद करावा, हातब्रेक लावावा व चाकांना दगडाची किंवा लाकडाची उटी द्यावी. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. म्हणून तिच्याजवळ विडी ओढू नये व काडी पेटवून आत डोकावू नये. बॅटरीतील आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे, आणि डोळ्यांत गेले असल्यास धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

स्टार्टरच्या दोन टर्मिनलांवर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवून जमिनीवर उभ्याउभ्या इंजिन सुरू करण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ही सवय प्राणघातक आहे. क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय इंजिन सुरू होऊ नये, अशी योजना पुष्कळ ट्रॅक्टरांत केलेली असते. पाना टेकविल्याने ही सुरक्षेची योजना पूर्णपणे टाळली जाते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन सुरू होताच तो पुढे सरकतो आणि चाकांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरून मागचे चाक जाते. त्याला बाजूला होण्यासही अवधी मिळत नाही. ट्रॅक्टर नेहमी चालकाच्या आसनावर बसूनच सुरू करावा. घरातील मुलांनाही ही युक्ती कधी दाखवू नये.

परीक्षेचा क्रम

प्रथम बॅटरी पाहावी. ट्रॅक्टर काही तास उभा असताना पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ व्होल्टच्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते आणि १२ व्होल्टच्या खाली आल्यास तिच्यावर स्टार्टरची परीक्षा करण्यात अर्थ नाही. ती आधी भरून घ्यावी. मात्र एवढ्यावर समाधान मानू नये. इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरून एका माणसाने आसनावरून चार-पाच सेकंद सेल्फ मारावा व दुसऱ्याने बाजूला उभे राहून मीटर पाहावे. व्होल्ट साडेनऊच्या खाली घसरल्यास बहुधा बॅटरी दुबळी असते. क्वचित स्टार्टर आतून अडकल्यानेही असे होते. खात्रीसाठी दुसरी चांगली बॅटरी लावून पाहावे.

दुसरी पायरी टर्मिनलांची. त्यांवर पांढरा किंवा हिरवट थर साचला असल्यास तारा काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. नंतर टर्मिनल व तारेचे टोक काचपेपरने घासून चकचकीत करावे, घट्ट बसवावे व वरून पेट्रोलियम जेली लावावी. वरून स्वच्छ दिसणारे टर्मिनलही आतून काळे पडलेले असते, म्हणून ते काढूनच पाहावे.

तिसरी पायरी अर्थच्या तारेची. स्टार्टरकडे वीज एका जाड तारेने जाते आणि परत बॅटरीकडे येते ती ट्रॅक्टरच्या अंगातून. बॅटरीची अर्थ तार जेथे अंगाला कसलेली असते तेथे रंग, चिखल वा गंज असल्यास सारा प्रवाह तेथेच अडखळतो. सेल्फ मारताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलावर व दुसरे स्टार्टरच्या स्वच्छ अंगावर ठेवावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसल्यास अर्थचा जोड खराब आहे असे समजावे. मीटर नसल्यास दोन-तीन वेळा सेल्फ मारून थांबावे व जोडांना हात लावून पाहावा. जो जोड तापला असेल तोच दोषी होय.

एवढे झाल्यावरही इंजिन फिरत नसेल, तरच सोलेनॉइड व स्टार्टर यांकडे वळावे.

लक्षणांवरून निदान

किल्ली फिरविल्यावर काहीच आवाज येत नाही, परंतु दिवे उजळ राहतात, तेव्हा सोलेनॉइडला जाणाऱ्या बारीक तारेत वीज येते का ते मीटरने पाहावे. येत नसल्यास फ्यूज, किल्लीचा स्विच, अथवा क्लचजवळील वा गिअरजवळील सुरक्षा स्विच यांत दोष असतो. वीज येऊनही आवाज नसल्यास सोलेनॉइड निकामी झाला असे समजावे.

भरभर ‘टक-टक-टक’ असा आवाज येणे हे बहुतेक वेळा दुबळ्या बॅटरीचे किंवा सैल टर्मिनलचे लक्षण आहे. सोलेनॉइड ओढला जातो, पण मोटारीने वीज घेताच व्होल्ट घसरतात व तो सुटतो. पुन्हा ओढला जातो, पुन्हा सुटतो. येथे स्टार्टर बदलून काहीही लाभ होत नाही.

एकच ‘टक्’ आवाज येऊन सारे शांत झाल्यास सोलेनॉइडच्या मोटारीकडील जाड बोल्टवर मीटर लावावे. किल्ली फिरवूनही तेथे वीज नसेल तर सोलेनॉइडमधील संपर्क जळालेले असतात. पूर्ण वीज पोचूनही मोटार फिरत नसेल तर कार्बन झिजलेले असतात किंवा आतील गुंडाळी तुटलेली असते. स्टार्टरच्या अंगावर लाकडाने हलकेच ठोकताच तो फिरू लागला, तर कार्बन संपत आल्याची ती खूण होय. हा उपाय मात्र नव्हे. तो स्टार्टर लवकरच पूर्ण बंद पडणार हे ओळखून कारागिराकडे द्यावा.

स्टार्टर जोरात फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन जागचे हलत नाही, तेव्हा बेंडिक्स घसरत असते किंवा आतील काटा तुटलेला असतो. करकर असा दात घासल्याचा आवाज आल्यास बेंडिक्सचे वा रिंगचे दात झिजलेले असतात, अथवा स्टार्टरचे बोल्ट सैल झालेले असतात. इंजिन बंद होताना साधारणपणे ठरावीक जागीच थांबते, म्हणून रिंगचे त्या जागेचेच दात अधिक झिजतात. इंजिन हाताने थोडे फिरविल्यावर सेल्फ व्यवस्थित लागत असेल, तर दोष रिंगमध्ये आहे हे ओळखावे. अशा वेळी केवळ नवा स्टार्टर बसविल्यास त्याचेही दात थोड्याच दिवसांत जातील.

किल्ली सोडल्यावरही स्टार्टर फिरतच राहिला, तर सोलेनॉइडचे संपर्क एकमेकांस चिकटलेले असतात. विलंब न लावता इंजिन बंद करून बॅटरीची तार सोडवावी.

स्टार्टर काढणे व बसविणे

सर्वप्रथम बॅटरीची अर्थ तार सोडवावी. बहुतेक ट्रॅक्टरांत ती ऋण टर्मिनलाची असते. तथापि ती खरोखर ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली आहे हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. ती न काढता काम केल्यास पाना अंगाला लागून मोठी ठिणगी उडते व हात भाजतो. त्यानंतर स्टार्टरवरील जाड व बारीक तारांना खुणेचे दोरे बांधून त्या सोडवाव्यात. स्टार्टर वजनदार असतो. शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी त्याला खालून आधार द्यावा. तो तारांवर लोंबकळू देऊ नये.

स्टार्टर निघाल्यावर त्या भोकातून रिंग पाहावी. इंजिन हाताने सावकाश फिरवून सर्व दात तपासावेत. आत तेल आढळल्यास सील गळत आहे असे समजावे. ते तेल नव्या स्टार्टरचे कार्बनही खराब करील.

प्रत्येक वेळी संपूर्ण स्टार्टर नवा घेण्याची आवश्यकता नसते. कार्बन, बुश, बेंडिक्स व सोलेनॉइड हे भाग सुटे मिळतात आणि जाणता कारागीर ते बदलून देतो. कार्बन मूळ लांबीच्या निम्म्याने झिजले असल्यास बदलावेत. कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ करावा. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कण विजेचे वाहक असल्याने पट्ट्यांमध्ये अडकून दोष निर्माण करतात. आर्मेचर किंवा फील्डची गुंडाळी जळाली असल्यास मात्र दुरुस्ती व नवा स्टार्टर यांच्या खर्चाची तुलना करून ठरवावे.

नवा स्टार्टर घेताना जुना सोबत न्यावा. व्होल्ट, दातांची संख्या, फिरण्याची दिशा व बोल्टांची भोके ही चारही जुळली पाहिजेत. बसविण्याच्या जागेवरील रंग व घाण खरवडून काढावी, कारण स्टार्टरचा अर्थ त्याच जागेतून मिळतो. बोल्ट सारखे आवळावेत, खुणेप्रमाणे तारा जोडाव्यात आणि अर्थ तार सर्वांत शेवटी लावावी.

नित्याची निगा

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान एक मिनिट थांबावे. इंजिन सुरू न होण्याचे कारण डिझेलमधील हवा असेल, तर सेल्फ मारीत राहिल्याने बॅटरी उतरते व स्टार्टर जळतो. बॅटरीत आवश्यक तेथे केवळ डिस्टिल्ड वॉटर भरावे. भाताच्या चिखलणीनंतर स्टार्टरभोवतीचा चिखल काढावा. पाण्याचा जोरदार फवारा मात्र थेट त्यावर मारू नये. बॅटरी दुबळी म्हणून ट्रॅक्टर रोज उतारावर उभा करून ढकलून सुरू करण्याची सवय धोक्याची आहे. ब्रेक सुटल्यास तो खाली वस्तीत किंवा विहिरीत जाऊ शकतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी, मे महिन्यातच, गावातील ट्रॅक्टरमालकांना एकत्र बोलावून बॅटरी, टर्मिनल व अर्थ यांची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. पाना टेकवून इंजिन सुरू करण्यातील धोका त्यांना त्याच वेळी समजावून सांगावा. गावात एक मीटर असले आणि ते वापरता येणारे दोन तरुण असले, तर पेरणीच्या दिवसांतील बराच खोळंबा टळेल. ज्याच्या ट्रॅक्टरची परीक्षा पावसापूर्वी झाली, त्याला वाफसा आल्यावर कारागिराची वाट पाहत बसावे लागत नाही.