रोज एक कोडे

विद्यार्थी मित्रांनो, लहानपणी दादीने किंवा नानीने तुम्हांला पहेल्या घातल्या असतील. उर्दूत जिला पहेली म्हणतात, तिला मराठीत कोडे म्हणतात. कोडे ऐकले की आपण विचारात पडतो. उत्तर सापडले की किती आनंद होतो! आज आपण एका वेगळ्या प्रकारच्या कोड्यांची ओळख करून घेऊ. ही कोडी माणसाने संगणकाच्या मदतीने सोडवायची असतात.

संगणक स्वतः विचार करत नाही. आपण दिलेल्या सूचना तो क्रमाने पाळतो. अशा सूचनांच्या मालिकेला प्रोग्राम म्हणतात. उत्तर मिळवण्याच्या ठरावीक रीतीला इंग्रजीत अल्गोरिदम असे नाव आहे. हा शब्द कोठून आला, ठाऊक आहे का? नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी नावाचे थोर गणिती होऊन गेले. त्यांच्या नावावरूनच अल्गोरिदम हा शब्द तयार झाला. त्यांच्या ग्रंथाच्या नावातील अल्-जब्र या शब्दापासून अल्जिब्रा, म्हणजे बीजगणित, हे नाव रूढ झाले.

जगात अनेक लोक अशी कोडी रोज एक याप्रमाणे सोडवतात. एरिक वास्टल या अमेरिकन प्रोग्रामरने २०१५ साली ‘अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड’ नावाचा उपक्रम सुरू केला. २०२४ पर्यंत दरवर्षी १ डिसेंबरपासून २५ दिवस रोज एक नवे कोडे येत असे. २०२५ साली कोड्यांची संख्या १२ करण्यात आली. अमेरिकेच्या पूर्व भागातील वेळेनुसार कोडे मध्यरात्री उघडते. तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, म्हणजे शाळेची वेळ! प्रत्येक कोड्याचे सहसा दोन भाग असतात. पहिला भाग सुटला तरच दुसरा दिसतो.

अशा उपक्रमासाठी मोठे शहरच हवे असे नाही. समजा, तुमची शाळा चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना येथे आहे. हा तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. इथे चुनखडी सापडते, म्हणून गडचांदूर आणि आवारपूर येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. शेतांत कापूस पिकतो. मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू अशा अनेक भाषा कानांवर पडतात. शाळेत एकच संगणक आहे आणि तुमच्या गटात पाच जण आहेत. मधूनच वीज जाते. तरीही रोज एक कोडे सोडवता येईल का? येईल, पण त्यासाठी कामाची मांडणी नीट हवी.

आजचे कोडे आपण महाराष्ट्रातील एका शिक्षकाकडून घेऊ. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. नाशिकजवळच्या देवळाली येथे ते शाळेत शिकवत. त्यांच्याकडे संगणक नव्हता. कागद, पेन्सिल आणि संख्यांचे वेड एवढेच त्यांचे भांडवल. १९४९ साली त्यांना ६१७४ या संख्येचा एक चमत्कारिक गुण सापडला.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करा. ३५२४ घेऊन पाहू.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

तीन पायऱ्यांत ६१७४ आले. आता पुढे जाऊन पाहा. ७६४१ मधून १४६७ वजा केले, तरी पुन्हा ६१७४ च येते! म्हणून या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

आपल्या कोड्याचा पहिला भाग असा: दिलेली संख्या किती पायऱ्यांत ६१७४ पर्यंत पोहोचते? दुसरा भाग असा: १००० पासून ९९९९ पर्यंतच्या संख्यांना जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतात?

आता संगणकावर मांडणी करू. प्रथम ‘रोजची कोडी’ नावाचा एक मोठा फोल्डर तयार करा. त्यात प्रत्येक दिवसाचा वेगळा फोल्डर ठेवा: दिवस-०१, दिवस-०२, याप्रमाणे. एकच्या आधी शून्य कशाला? नावे अक्षरक्रमाने लावली, तर ‘दिवस-१०’ हा ‘दिवस-२’ च्या आधी येतो. शून्य लिहिले की क्रम बिघडत नाही.

प्रत्येक दिवसाच्या फोल्डरमध्ये चार फाइली असाव्यात. पहिल्या फाइलीत कोडे आपल्या शब्दांत लिहा. जे स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, ते अजून समजलेले नाही असे माना. दुसऱ्या फाइलीत नमुना ठेवा. म्हणजे ज्यांची उत्तरे हाताने काढली आहेत अशी लहान उदाहरणे. तिसऱ्या फाइलीत कोड्यासोबत मिळालेली मोठी माहिती ठेवा. चौथ्या फाइलीत प्रोग्राम लिहा. त्यासाठी पायथन ही भाषा सोपी पडते. खिदो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम लोकांपुढे आणली.

आणखी एक फोल्डर ‘अवजारे’ नावाचा करा. फाइल वाचणे, संख्येचे अंक वेगळे करणे, बेरीज करणे ही कामे पुन्हा पुन्हा लागतात. सुतार रोज नवी करवत बनवत नाही, पेटीतली काढतो. तसेच ही लहान कामे एकदा लिहून ठेवावी आणि रोज वापरावी.

प्रोग्राम लिहिण्याआधी सूचना वहीत मराठीत किंवा उर्दूत लिहा: मोजणी शून्य ठेव. संख्या ६१७४ असेल तर थांब आणि मोजणी सांग. नसेल तर अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लाव. वजाबाकी कर. मोजणी एकने वाढव. संख्या ६१७४ आहे का, ते पुन्हा पाहा.

सूचना बरोबर दिसतात, नाही का? आता नमुना तपासू. ३५२४ चे उत्तर ३ येते. ६१७४ चे उत्तर ० येते. शाबास! पण २१११ दिल्यावर काय होते? २१११ − १११२ = ९९९. ही संख्या तीन अंकी झाली. ९९९ मधून ९९९ गेले की उरले शून्य. मग शून्यातून शून्य, पुन्हा शून्यातून शून्य! प्रोग्राम थांबतच नाही.

चूक संगणकाची नाही. ९९९ हे ०९९९ असे चार अंकी लिहायचे, ही सूचना आपण दिलीच नव्हती. आता ९९९० − ०९९९ = ८९९१ येते. पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. म्हणजे २१११ ला पाच पायऱ्या लागल्या. ११११ सारख्या संख्यांचे उत्तर मात्र पहिल्याच पायरीला शून्य येते. त्या आधीच वगळाव्या लागतात. ही दोन्ही उदाहरणे नमुन्याच्या फाइलीत लिहून ठेवा. जी चूक एकदा सापडली, ती पुन्हा लपून बसता कामा नये.

आता दुसरा भाग. चारही अंक सारखे असलेल्या ९ संख्या वगळल्या, तर ८९९१ संख्या उरतात. हाताने प्रत्येकीला एक मिनिट लागले, तरी सहा दिवस आणि सहा रात्री पुरणार नाहीत. संगणक हे काम क्षणात करतो. उत्तर येते ७. गंमत पाहा, कापरेकरांना हा शोध लागला त्या सालाची संख्या, १९४९, हिलाही पूर्ण सात पायऱ्या लागतात! वहीत करून पाहा.

वीज गेली तर? काम अडत नाही. विचार करणे, नमुना सोडवणे, सूचना लिहिणे ही निम्म्याहून अधिक कामे कागदावरच होतात. पाच जणांनी वहीत तयारी करावी आणि संगणकापुढे आळीपाळीने बसावे. एकाने टंकलेखन करावे, दुसऱ्याने सूचना वाचून दाखवाव्यात. दर थोड्या वेळाने फाइल जतन करावी आणि दिवसाअखेरी तिची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. पुढे तुम्ही गिट हे साधन शिकाल. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. कोणत्या दिवशी काय बदलले, याची नोंद ते ठेवते.

एक गोष्ट मात्र पाळा. दुसऱ्याचे उत्तर उतरवून घेऊ नका. तयार उत्तर मिळाले, तर २१११ ची चूक तुम्हांला कधीच भेटणार नाही. आणि खरे शिक्षण तर त्या चुकीतच होते. एखाद्या दिवशी कोडे सुटले नाही, तर फोल्डरमध्ये ‘अपूर्ण’ असे लिहा आणि दुसऱ्या दिवशीचे कोडे घ्या. अपूर्ण राहणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. आठवड्याने परत या. कदाचित तेच कोडे सोपे वाटेल.

कापरेकरांच्या कामाला आपल्या देशात काही जण क्षुल्लक समजत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभर त्यांचे नाव झाले. तोपर्यंत शोधाला सव्वीस वर्षे होऊन गेली होती. त्या सव्वीस वर्षांत कापरेकर थांबले नाहीत. कोणी पाहत आहे की नाही, याची वाट न पाहता ते संख्यांशी खेळत राहिले.

मित्रांनो, कोरपना असो की मुंबई, ६१७४ सर्वत्र सारखेच आहे. तर मग आजच वही उघडा. वर तारीख घाला, ‘दिवस-०१’ असे लिहा आणि आपल्या जन्मसालाची संख्या घ्या. तिला किती पायऱ्या लागतात, ते उद्या वर्गात सांगा.