इंग्रजांचा एक ‘वीक’ आणि फ्रेंचांचे अनेक दुबळेपण

इंग्रज मनुष्य ‘वीक’ हा एकच शब्द किती ठिकाणी राबवितो! तापातून उठलेला रोगी वीक, गणितात मागे पडणारा मुलगा वीक, पाणचट चहाही वीक. फ्रेंच शिकू लागताच तो ‘वीक’ म्हणजे ‘फेब्ल’ अशी जोडी पाठ करतो. पुष्कळदा ती निभावते. रोगी फेब्ल आणि गणितातला कच्चा विद्यार्थीही फेब्लच. चहाला मात्र फ्रेंच मनुष्य ‘लेजे’, म्हणजे हलका, म्हणतो. आम्हां मराठी भाषकांस याचे नवल वाटू नये. आपणही मुलाला गणितात ‘अशक्त’ म्हणत नाही.

फेब्लचे मूळ लॅटिन ‘फ्लेबिलिस’, म्हणजे रडण्याजोगा. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत तोच ‘फीबल’ झाला आणि पुढे सतराव्या शतकात ‘फॉइबल’ या रूपाने पुन्हा आला. तलवारीच्या पात्याचा मध्यापासून टोकापर्यंतचा कमजोर भाग तो फॉइबल. स्वभावातील लहानशी खोडही फॉइबलच.

याची नामे दोन, आणि घोटाळा तेथेच होतो. पुल्लिंगी ‘अँ फेब्ल’ म्हणजे एखाद्या वस्तूची अनावर आवड. स्त्रीलिंगी ‘यून फेब्लेस’ म्हणजे दुर्बलता, किंवा एकाएकी येणारी घेरीही. मिठाईच्या दुकानात ‘मला यून फेब्लेस आहे’ एवढेच म्हणून थांबलात, तर दुकानदार मिठाईऐवजी खुर्ची पुढे करील.

लॅटिन ‘फ्राजिलिस’पासून जुळी भावंडे निघाली. चिनी मातीचा पेला किंवा सहज बिघडणारी प्रकृती ‘फ्राजील’. किडकिडीत, नाजूक बांध्याची व्यक्ती ‘फ्रेल’. खुरटलेले मूल वा रोप ‘शेतीफ’. या शब्दाचा मूळ अर्थ बंदिवान असा होता. बंदिवानाचे हाल डोळ्यांपुढे आणले म्हणजे हा अर्थबदल उमगतो. उत्साहहीन माणूस ‘मू’, म्हणजे मऊ. ‘लाश’ ही सैल गाठही आणि भित्रा माणूसही. मराठी वाचकाने मात्र हा शब्द ऐकून दचकू नये.

सर्वांत घातक शब्द ‘देबील’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अशक्त, आणि इंग्रजीतील ‘डेबिलिटी’ आजही शारीरिक क्षीणताच सांगते. फ्रेंचमध्येही पूर्वी दुबळ्या शरीराला देबील म्हणत. परंतु अल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापनाची कसोटी सिद्ध केली, त्या काळच्या वर्गीकरणात मतिमंदत्वाच्या सर्वांत सौम्य पायरीला हेच नाव होते. शास्त्राच्या परिभाषेतून शब्द रस्त्यावर उतरला आणि शिवी झाला. आज शाळेतली मुले एकमेकांस देबील म्हणतात ते ‘मूर्खा!’ याच अर्थाने. ज्या मुलांच्या साहाय्यासाठी ती कसोटी निघाली, त्यांच्याच नावाची शिवी व्हावी, हे आम्हांस फार खटकते.

म्हणून आजारातून उठलेल्या इंग्रजाने डॉक्टरांस देबील हा शब्द सांगू नये. ‘ज म सां फेब्ल’, म्हणजे मला अशक्त वाटते, असे म्हणावे. डॉक्टर लगेच नाडी पाहतील.