घाटातील विसावा

कोकणातून घाट चढून देशावर आलेला वाटसरू माथ्यावर पोचला, की प्रथम सावली आणि पाणी शोधतो. डोक्यावरचे ओझे उतरवावे, घोटभर पाणी प्यावे आणि ऊन कलेपर्यंत पाठ टेकावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. ही गरज ओळखून घाटमाथ्यावर, नदीकाठी आणि तीर्थक्षेत्री विसाव्याच्या जागा निर्माण करण्याची परंपरा आपल्या देशात फार जुनी आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी बांधलेल्या धर्मशाळा याच परंपरेतील होत. या परंपरेचा एक अतिप्राचीन नमुना पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात आजही पाहावयास मिळतो. तो म्हणजे नाणेघाटातील लेणे.

सातवाहनांच्या राजवटीत कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने जुन्नरकडे आणि पुढे प्रतिष्ठान म्हणजेच पैठणकडे जात असे. या वाटेच्या माथ्याजवळ कातळात एक दालन खोदण्यात आले. जवळच पाण्याची टाकीही कोरण्यात आली. या लेण्यात पूजेसाठी स्तूप नाही आणि भिक्षूंच्या निवासासाठी खोल्याही नाहीत. त्यामुळे ते प्रवाशांच्या विश्रांतीसाठी खोदले गेले असावे, असे अभ्यासक मानतात. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असा समज आहे.

विसाव्याच्या या जागेचे महत्त्व तेथील भिंतींमुळे अनेक पटींनी वाढले आहे. डाव्या आणि उजव्या भिंतीवर प्रत्येकी दहा ओळींचा लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेला आहे. हा लेख सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील समजला जातो. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. राजकुटुंबाने केलेले यज्ञ आणि त्या प्रसंगी दिलेली दाने यांची नोंद त्यात आहे. गाई, घोडे, हत्ती, गावे आणि नाणी यांची संख्या त्यात अंकांनी दिली आहे. भारतात कोरीव स्वरूपात टिकून राहिलेल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत या अंकांची गणना होते.

विल्यम साइक्स यांनी १८२८ साली या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील अंकांचा उलगडा केला. त्या काळी आजच्यासारखी स्थानमूल्याची पद्धत रूढ नव्हती. दहा, शंभर व हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे होती. लेखातील २४,४०० ही संख्या वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन चिन्हांनी लिहिलेली आहे. यांतील एखाद्या चिन्हावर आज कोणी रेघ ओढली, तर ती संख्या वाचण्याचा आधारच नाहीसा होतो. छापील ग्रंथाचे पान फाटले, तर दुसरी प्रत मिळू शकते. या लेखाची दुसरी प्रत कोठेही नाही.

नष्ट झालेले परत मिळत नाही, याचा पुरावा याच लेण्यात आहे. मागील भिंतीवर सातवाहन कुळातील व्यक्तींच्या मूर्तींची एक रांग होती. सिमुक सातवाहन, राणी नागनिका व सातकर्णी यांची नावे मूर्तींच्या वर कोरलेली आहेत. मूर्ती मात्र काळाच्या ओघात नष्ट झाल्या. पावलांच्या खुणांखेरीज त्यांचे फारसे काही उरले नाही. महाराष्ट्राच्या आरंभीच्या राजांची ही समकालीन शिल्पे कशी दिसत होती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

जे उरले आहे, त्याला आज निराळा धोका आहे. भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावे, रंगाने काढलेले बदाम आणि चुलीची काजळी ही दृश्ये महाराष्ट्रातील आडवाटेच्या लेण्यांत विरळा नाहीत. नाणेघाटही त्यांतून सुटलेला नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण कठीण असतो, म्हणून त्याला काही होत नाही, असा अनेकांचा समज असतो. परंतु शतकानुशतके ऊन, वारा व पाऊस सोसून त्याचा पृष्ठभाग नाजूक झालेला असतो आणि कोरीव अक्षरे त्या पृष्ठभागावरच असतात. लेण्यात जाळ केला, की दगडाचा बाहेरचा थर आतील थरापेक्षा लवकर प्रसरण पावतो, त्याला चिरा पडतात आणि पापुद्रे सुटतात. रंग दगडाच्या छिद्रांत शिरतो. तो तारेच्या घासणीने काढण्याचा प्रयत्न केल्यास रंगाबरोबर अक्षरेही झिजतात. अक्षरे छायाचित्रात उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरणेही योग्य नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. नागनिकेचा लेखही भिंतीवरच कोरलेला आहे. मग आजच्या प्रवाशाने आपले नाव कोरले, तर त्यात वावगे काय? १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आपले नाव व तारीख कोरली. ती कोरताना खालच्या प्राचीन चित्राला इजा झाली. या उदाहरणातच प्रश्नाचे उत्तर आहे. प्राचीन लेख ज्यांनी कोरविला, त्यांनी कोऱ्या कातळावर एक सार्वजनिक नोंद ठेवली. तिच्यासाठी आधीचे काही पुसले गेले नाही. नंतर आलेल्याचे नाव मात्र दुसऱ्याच्या नोंदीवर घाव घालून उमटते. एक जण आपली खूण ठेवतो आणि पुढच्या असंख्य वाचकांचा हक्क हिरावून घेतला जातो.

असे प्रकार पुन्हा पुन्हा का घडतात, याचाही विचार करावयास हवा. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन शहरातील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. एका गल्लीत उभ्या केलेल्या सायकलींना जाहिरातीचे कागद अडकवून ठेवले होते. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी ते कागद रस्त्यावर टाकले. त्याच भिंतीवर रेघोट्या मारल्यावर हे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले. भिंत रंगवण्यास मनाई करणारा फलक दोन्ही वेळा तेथे लावलेला होता. यावरून दिसते, की केवळ मनाईचा फलक पुरेसा नसतो. ज्या जागेची कोणी काळजी घेत नाही असे दिसते, तेथे माणसाच्या मनातील संकोच कमी होतो. भिंतीवरचे पहिले नाव दुसऱ्या नावाला आमंत्रण देते.

कायद्याने अशा वास्तूंना संरक्षण दिलेले आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्मारक विद्रूप करणे हा गुन्हा आहे. २०१० मधील दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे जतन करणे हे संविधानाने सांगितलेले नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. तथापि डोंगरातील प्रत्येक लेण्यापाशी अहोरात्र पहारेकरी ठेवणे शक्य नसते. सर्वच वास्तूंना कुलूप लावणे हाही उत्तम उपाय म्हणता येणार नाही. वाटसरूंसाठी निर्माण केलेला आसरा वाटसरूंनाच बंद झाला, तर तो निर्माण करणाऱ्यांचा हेतू विफल होतो.

म्हणून मधला मार्ग काढणे आवश्यक ठरते. लेखाच्या भिंतींपुढे हात पोचणार नाही इतक्या अंतरावर कठडा असावा आणि उरलेली जागा पाहण्यासाठी खुली राहावी. भिंतींची छायाचित्रे ठरावीक काळाने घेऊन ठेवावीत, म्हणजे नवा ओरखडा लगेच लक्षात येतो. झालेली विद्रूपता तज्ज्ञांकडून शक्य तितक्या लवकर दूर करावी. पायथ्याच्या व माथ्याच्या गावांतील तरुणांना वाटाडे म्हणून प्रशिक्षण दिल्यास त्यांना रोजगार मिळेल आणि लेण्याला राखणदार मिळतील. ज्यांना आपण येऊन गेल्याची खूण ठेवावीशी वाटते, त्यांच्यासाठी तेथे एखादी नोंदवही ठेवता येईल.

याहून महत्त्वाची आहे ती ओळख. २०२३ साली रोममधील कोलोसियम या प्राचीन प्रेक्षागृहाच्या भिंतीवर एका पर्यटकाने किल्लीने नावे कोरली. ही वास्तू इतकी प्राचीन असल्याचे आपणास ठाऊक नव्हते, असे त्याने नंतर माफीपत्रात लिहिले. जगप्रसिद्ध वास्तूविषयी असे अज्ञान असू शकते, तर डोंगरातील एका लहान दालनाविषयी ते असणारच. ‘भिंतीवर लिहू नये’ या सूचनेपेक्षा ‘या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीचे अंक आहेत आणि ते असे वाचावेत’ ही माहिती अधिक परिणामकारक ठरेल. जी अक्षरे माणसाला वाचता येतात, त्यांच्यावर घाव घालण्यास त्याचा हात धजत नाही.

नाणेघाटाचा विसावा कोणा एकाच्या मालकीचा नव्हता. व्यापारी, यात्रेकरू, हमाल आणि गुराखी या सर्वांना त्याने सावली दिली. प्रत्येकाने काही काळ तेथे थांबावे आणि पुढच्यासाठी जागा जशीच्या तशी सोडून जावे, हाच अशा आसऱ्याचा अलिखित नियम असतो. तो नियम पाळला जाईल तोवर त्या भिंतींवरील लेख पुढच्या पिढ्यांनाही वाचता येईल.