फॉर्म भरणं ऐच्छिक आहे

मागच्या वेळी आपण 'प्रतिनिधित्व' या शब्दापाशी थांबलो होतो. पडद्यावर आणि पडद्यामागे कोण आहे हे मोजल्याशिवाय प्रतिनिधित्वाबद्दल नेमकं बोलता येत नाही, आणि मोजायला गेलं की माणसांना अगदी खासगी प्रश्न विचारावे लागतात. आज ही अडचण जरा उलगडून पाहू. उदाहरण ब्रिटनचं घेऊ. तिथे हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्यावरचं भांडणही चारचौघांत झालं.

ऑगस्ट २०१६ मध्ये तिथे 'डायमंड' नावाची योजना सुरू झाली. बीबीसी, आयटीव्ही, चॅनल ४, चॅनल ५ आणि स्काय या एरवी एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या वाहिन्या तिच्यात एकत्र आल्या. ती चालवते क्रिएटिव्ह डायव्हर्सिटी नेटवर्क ही संस्था. कार्यक्रमासाठी काम केलेल्या माणसांना, म्हणजे नट, लेखक, दिग्दर्शक, संकलक वगैरे सगळ्यांना, ईमेलने एक फॉर्म जातो. त्यात लिंग, लिंगओळख, वय, वंश, लैंगिक कल आणि अपंगत्व यांविषयी विचारलेलं असतं. फॉर्म भरणं ऐच्छिक.

यातली एक गोष्ट आम्हाला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार रोचक वाटते. पडद्यावर दिसणाऱ्या माणसांची माहिती दोनदा घेतली जाते. एकदा माणूस स्वतःबद्दल काय सांगतो ती, आणि एकदा प्रेक्षकाला तो कसा दिसत असेल याचा निर्मात्याने केलेला अंदाज. हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत असं नाही. एखाद्या नटीला ऐकू कमी येतं, पण तिची भूमिका ऐकू येणाऱ्या बाईची आहे. तिला काम मिळालं का, या प्रश्नाला पहिला आकडा उत्तर देतो. घरी बसून पाहणाऱ्या कमी ऐकू येणाऱ्या मुलीला आपल्यासारखं कुणी पडद्यावर दिसलं का, याला दुसरा. प्रश्न दोन आहेत, म्हणून मापंही दोन. (आपल्याकडे आडनाव सांगितलं की समोरचा अर्धा फॉर्म मनातल्या मनात भरूनच टाकतो! 'दिसणं' आणि 'असणं' यांतलं अंतर आपल्याला काही नवं नाही.)

आता ऐच्छिकपणाकडे येऊ. डायमंडचा पहिला अहवाल २०१७ मध्ये आला, तेव्हा फॉर्म मिळालेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यानेच तो भरला होता. कुणी म्हणेल, चौथा हिस्सा काय वाईट? मतदानपूर्व पाहण्या तर हजार-दोन हजार माणसांवरच चालतात. पण तिथे माणसं पाहणी करणारा निवडतो. इथे माणसं स्वतःच स्वतःला निवडतात, आणि सगळा फरक तिथे पडतो.

हिशोब करून पाहू. समजा १००० माणसं आहेत आणि त्यांतली २०० अपंग आहेत, म्हणजे २० टक्के. फॉर्म भरले २५० जणांनी. अपंग माणसांना वाटलं, कशाला सांगा, उद्या काम मिळायचं नाही. म्हणून त्यांच्यातल्या २० जणांनीच भरला. मग अहवालात दिसेल ८ टक्के. उलट, त्यांना वाटलं की आता तरी कुणीतरी विचारतंय, आणि ८० जणांनी भरला, तर अहवालात दिसेल ३२ टक्के. वास्तव तेच, फॉर्मची संख्याही तीच, आणि आकडा ८ किंवा ३२! न भरलेले ७५० फॉर्म कोरे असले तरी अर्थहीन नाहीत. ते कोरे का राहिले हे कळल्याशिवाय भरलेल्यांचा अर्थ लागत नाही.

का राहिले असतील? 'ऐच्छिक' याचा अर्थ नकाराची किंमत मोजावी लागत नाही, असा आपण धरतो. टेलिव्हिजनमध्ये बरीच माणसं काही आठवड्यांच्या, फार तर काही महिन्यांच्या बोलीवर काम करतात आणि पुढचं काम ओळखीतून, फोनवर ठरतं. अशा माणसाला वैयक्तिक उत्तरं गुप्त राहतील असं कितीही सांगितलं, तरी तो ते कुणाच्या भरवशावर मानणार?

ओनोरा ओनील या तत्त्वज्ञ बाईंनी २००२ साली बीबीसीच्या रीथ व्याख्यानमालेत विश्वास हाच विषय घेतला होता. लोकांचा विश्वास कसा वाढवायचा याची चिंता सगळे करतात. विश्वास ठेवण्यालायक कोण आहे आणि ते ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न आहे, अशी त्यांची मांडणी. ती इथे चपखल बसते. फॉर्म भरा म्हणून आर्जवं करण्यापेक्षा, भरलेल्या माहितीचं पुढे काय झालं ते दाखवणं जास्त कामाचं.

आणि भांडण नेमकं यावरच झालं. पडद्यामागच्या कामगारांची संघटना 'बेक्टू' हिचं म्हणणं होतं की आकडे कार्यक्रमवार जाहीर करा. सगळ्या वाहिन्यांची गोळाबेरीज सांगून कुणालाच जाब विचारता येत नाही. ते होत नाही म्हटल्यावर संघटनेने सदस्यांना फॉर्म भरू नका असं सांगितलं. योजनेच्या बाजूने उत्तर होतं की कार्यक्रमवार आकडे दिले तर माणसं ओळखू येतील. हे खोटं नाही. तीस जणांच्या चमूत 'अपंग : १' असं छापलं की तो एक कोण हे सेटवरचा चहावालाही सांगेल. वंश, आरोग्य, लैंगिक कल ही तर तिथल्या कायद्यानेही विशेष संरक्षण दिलेली माहिती आहे. तरीही आमचं मत संघटनेकडे झुकतं. मोठ्या मालिकांचे आकडे देता येतात, लहान कार्यक्रमांचे एकत्र करता येतात, अमुक संख्येखालचा आकडा झाकता येतो. गुप्तता माणसाची राखायची असते. तिच्या आडोशाला कार्यक्रम का बसावा?

माणसं ऐच्छिक प्रश्नांना उत्तरं देतच नाहीत असंही नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत लैंगिक कलाचा ऐच्छिक प्रश्न पहिल्यांदाच आला, आणि १६ वर्षांवरील फक्त ७.५ टक्के लोकांनी तो सोडला. जनगणना सक्तीची होती, हा प्रश्न तेवढा ऐच्छिक, ही गोष्ट खरी. पण जनगणनावाला तुम्हाला पुढच्या महिन्यात काम देणारा नसतो, हेही खरंच. (२००१ मध्ये धर्माच्या ऐच्छिक प्रश्नाला तिथल्या सुमारे ३ लाख ९० हजार लोकांनी 'जेडाय' असं उत्तर दिलं होतं. सिनेमाने जनगणनेचा घेतलेला सूड म्हणा हवं तर.)

शेवटी वर्गाबद्दल. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यातल्या नऊ संरक्षित बाबींत सामाजिक वर्ग नाही, आणि डायमंडच्या सुरुवातीच्या प्रश्नांतही तो नव्हता. तो विचारायचा कसा? 'तुमचा वर्ग कोणता?' असं सरळ विचारलं तर गडबड होते. सॅम फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात १७५ मुलाखती होत्या, त्यांत टेलिव्हिजन आणि अभिनयातलीही माणसं होती. त्यांतले ३६ जण मध्यमवर्गीय घरांत वाढलेले असूनही स्वतःला कामगारवर्गीय म्हणवत होते. पुरावा म्हणून पुष्कळदा आजोबांची गोष्ट सांगत. म्हणून तिथल्या सोशल मोबिलिटी कमिशनने सुचवलेला प्रश्न वेगळा आहे: तुम्ही साधारण १४ वर्षांचे असताना घरात सर्वांत जास्त कमावणारी व्यक्ती काय काम करत होती? त्यात आजोबांना जागा नाही, अर्थात तेव्हा घर तेच चालवत नसतील तर.